माउंटन लायन: शिकारीला जायचं असेल तर, आणि नुसतं फिरायला जायचं असेल तरी

जुन्नरजवळच्या ओतूरला आमच्या आजीच्या तोंडी बिबट्या हा शब्द नसायचाच, ती म्हणायची वाघरू. उसात वाघरू व्यालंय, तिकडं फिरकू नका रे पोरांनो, एवढं बोलून ती परत चुलीकडे वळायची. म्हणजे मोठ्या मांजराच्या शेजारी राहायचं ट्रेनिंग मला पाचव्या-सहाव्या वर्षीच मिळालं होतं. आता १३ वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोत काढली, लव्हलँडच्या पश्चिमेला, जिथं सपाटी संपून डोंगर सुरू होतो तिथं घर आहे, आणि इथं उसाऐवजी पाँडरोसा पाइनची झाडं आणि बिबट्याऐवजी माउंटन लायन. शेजारचा म्हातारा ४० वर्षं कुत्री घेऊन लायनच्या मागे फिरलेला. त्याच्याबरोबर मी ५ सीझन गेलो, त्यातले शेवटचे ३ खिशात स्वतःचं लायसन्स ठेवून, आणि अजून एकही लायन मारलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा कसला शिकारी.

हे लिहायचं कारण म्हणजे इथल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर दर डिसेंबरला दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, अरे घराच्या कॅमेऱ्यात लायन दिसला आता काय करू. आणि दुसरा, हल्ली हल्ली, की शिकारीचं लायसन्स कसं काढायचं. दोघांना एकच उत्तर लागतं असं माझं मत आहे, कारण ज्याला माग वाचता येतो तोच चांगला शिकारी आणि तोच ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवर, सेफ.

आधी प्राणी कोण आहे ते बघा

नाव लायन असलं तरी हा सिंह नाही. प्यूमा, कूगर, पँथर, माउंटन लायन, सगळं एकच, शास्त्रीय नाव प्यूमा कॉनकलर. सिंहासारखी डरकाळी त्याला फोडताच येत नाही, मांजरासारखा गुरगुरतो, आणि माजावर आलेली मादी रात्री असं काही किंचाळते की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोलिसांना फोन करायला निघालो होतो. नर साधारण १२० ते १५० पौंड, कधी त्याहून जास्त, मादी ७५ ते ११०. शेपूट धरून नर ८ फुटांपर्यंत जातो. उभ्या जागेवरून १५ फूट वर उडी मारतो, त्यामुळे ६ फुटी कुंपण घातलंय आम्ही, असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

मुख्य खाणं हरीण, इथं म्यूल डियर. थंडीत बर्फ पडला की हरणं वरून खाली उतरतात, लोकांच्या बागेतली झुडपं खायला येतात, आणि त्यांच्या मागोमाग हा येतो. सूत्र एवढं सोपं आहे. जिथं हरीण तिथं तो. कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याच्या अंदाजाने राज्यात ३,८०० ते ४,४०० मोठे लायन आहेत, पिल्लं सोडून. आणि एवढे असूनही इथं जन्म काढलेल्या लोकांनी एकही बघितलेला नसतो. त्याने मात्र त्यांना बघितलेलं असतं.

कायदा, म्हणजे कंटाळवाणं पण टाळता न येणारं

प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात १९९० ला लोकांनी मतदान करून शिकार बंद केली ती आजपर्यंत बंद, तिकडच्या मित्रांनी हा भाग सोडून थेट खाली जावं. वॉशिंग्टन आणि ओरेगनमध्ये शिकार चालते पण कुत्री लावून करायला ९० च्या दशकात मतदानानेच बंदी आली. युटाने २०२३ मध्ये उलटी दिशा धरली, वर्षभर शिकार खुली. आणि कोलोरॅडोत नोव्हेंबर २०२४ ला बंदीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर होता, तो पडला, साधारण ५५ टक्के लोक विरोधात गेले. माझ्या घरात माझं एक मत आणि बायकोचं दुसरं होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

कोलोरॅडोत तुम्हाला काय काय लागतं ते सांगतो. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं कार्ड, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. त्यावर लायनसाठी वेगळा ऑनलाइन कोर्स आणि परीक्षा आहे, नर-मादी ओळखण्याचा, तो पास झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. हा कोर्स शिकार करायची नसेल तरी करा, संध्याकाळचे दोन तास जातात फक्त, पण ट्रेलवर जे काही डोळ्यांना दिसत नव्हतं ते दिसायला लागतं. मुख्य सीझन नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत. प्रत्येक विभागाचा कोटा ठरलेला, तो भरला की तो विभाग बंद, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी चेक करावंच लागतं की उद्या तो विभाग उघडा आहे का. नियम दरवर्षी थोडे थोडे हलतात म्हणून त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक डाउनलोड करून वाचा, माझ्या लेखावर विसंबू नका.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न, एच-१बी वर असताना बंदूक चालते का. फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे आणि त्याला जे अपवाद आहेत त्यात वैध शिकारीचं लायसन्स हा एक आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. पण लक्षात घ्या, मित्राची रायफल नुसती हातात धरली तरी ती बाळगणं होऊ शकतं, आणि इथं चूक झाली तर दंडावर भागत नाही, इमिग्रेशनच अडकतं. तेव्हा वकिलाला एकदा विचारा, त्याची तासाची फी परवडली. माझं ग्रीन कार्ड होईपर्यंत मी दोन सीझन रिकाम्या हाताने गेलो, नुसता थर्मास आणि दुर्बीण घेऊन, आणि शिकलो जे काही ते त्या दोन सीझनमध्येच.

शिकवणारा शेजारी सगळ्यांच्या नशिबात नसतो. गाइड घेणार असाल तर पाच-सात हजार डॉलर धरून चला, आणि त्याचं राज्याकडे रजिस्ट्रेशन आहे का ते पैसे देण्याआधी बघा. एका ओळखीच्याने ॲडव्हान्स दिला आणि सीझन आला तेव्हा तो गाइड फोनच उचलेना, नाव घेत नाही.

माग काढणं

पावलाचा ठसा तीन ते साडेतीन इंच रुंद, नराचा त्याहून मोठा. कुत्र्याचा आणि याचा ठसा लोक कायम गोंधळतात. कुत्र्याची नखं उमटतात, याची आत ओढलेली असतात त्यामुळे सहसा उमटत नाहीत, निसरड्या चढावर कधीतरी दिसतात तेवढीच. पण नखांपेक्षा तळव्याकडे बघा. याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोल फुगे असतात, शेजारी शेजारी, आणि पुढची कड थोडी चपटी, दोन उंचवट्यांची. कुत्र्याचा तळवा त्रिकोणी. शिवाय याची बोटं सरळ रांगेत नसतात, एक बोट पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं, त्यावरून डावा पाय की उजवा तेही कळतं.

ठसा ताजा आहे का हे कळायला ग्लोव्ह काढून बोट घाला. कडा धारदार आणि आतला बर्फ मऊ असेल तर काही तासांचा. आत बर्फाचा पापुद्रा धरलाय, वर पाइनच्या दोन सुया पडल्यात, तर तो रात्रीच पुढे गेला. चालीचं अंतर टेप लावून मोजा. ४० इंचांपेक्षा जास्त असेल आणि मागच्या पायाचा तळवा २ इंचांहून रुंद असेल तर बहुतेक नर. बहुतेक म्हणतोय, नक्की नाही.

दुसरी खूण म्हणजे उकिरलेली जागा. नर मागच्या पायांनी सुया-माती मागे सारून छोटा ढीग करतो, दोन पायांचे दोन चर आणि शेवटी ढिगारा, बहुधा कड्याखाली नाहीतर मोठ्या झाडाच्या बुंध्याशी. त्याची ती पाटी समजा, इथं मी राहतो.

आणि तिसरी खूण, जी प्रत्येक हायकरने पाठ करावी, म्हणजे झाकून ठेवलेलं सावज. मागच्या फेब्रुवारीत मला एका घळीत पाइनच्या सुयांचा ढीग दिसला, इतका नीट की वाटलं कोणी खराट्याने गोळा केलाय, आणि त्यातून एक खूर बाहेर आलेला. बाजूला हरणाच्या केसांचे पुंजके, चिंध्या नाहीत, व्यवस्थित उपटलेले, कारण हा खायच्या आधी केस काढतो. बरगड्यांच्या मागून उघडलेलं, काळीज-फुप्फुस गेलेलं, मांड्या तशाच. रक्त अजून काळं पडलं नव्हतं. असं काही दिसलं की फोटो काढत बसायचं नाही. तो शंभर पावलांवर बसून तुमच्याकडेच बघत असण्याची शक्यता मोठी आहे, त्याला वाटतंय तुम्ही त्याच्या ताटावर आलात. आल्या वाटेने, मोठ्याने बोलत, मागे वळून वळून बघत निघायचं.

कुत्री आणि बर्फ

कोलोरॅडोत लायनची शिकार म्हणजे जवळजवळ कुत्र्यांचीच शिकार. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट, रेडबोन अशा जातींची, जास्तीत जास्त ८ कुत्री लावता येतात. रात्री बर्फ पडून पहाटे थांबलेला असला तर ती सकाळ. साडेतीन-चारला उठायचं, पिकअपने जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर दहाच्या स्पीडने जायचं, खिडकी उघडी, डोकं बाहेर, थंडीने डोळ्यांत पाणी, आणि रस्ता ओलांडलेला ठसा शोधायचा. पाच-सहा तास काहीच नाही असे दिवस जास्त. ठसा सापडला की उतरून आधी तो पूर्ण वाचायचा, सोबत छोटा ठसा तर नाही ना ते दोन्ही बाजूला शे-दीडशे फूट चालून बघायचं, आणि मगच कुत्री सोडायची. लायसन्सवाला माणूस कुत्री सोडताना हजर असावा लागतो आणि शेवटपर्यंत सोबत राहावा लागतो, घरी झोपून फोन आल्यावर येणं चालत नाही.

लायन पळायला फार जोरात पण दम कमी. लांब पल्ल्याचा गडी नाहीच तो. थोड्या वेळात झाडावर नाहीतर कड्यावर चढतो. कुत्र्यांचा आवाज बदलतो तेव्हा कळतं, मागावर असताना लांब हेल काढून भुंकतात आणि झाडाखाली पोचल्यावर तुटक, न थांबता, ठाक ठाक ठाक. म्हातारा आवाजावरून सांगायचा कुठलं कुत्रं पुढे आहे. हल्ली गळ्यात जीपीएस कॉलर असते त्यामुळे स्क्रीनवर सगळं दिसतं, पण स्क्रीनवर अर्धा मैल दिसतो तो प्रत्यक्षात दोन घळी आणि मांडीएवढा बर्फ असतो. तब्येत कमावून जा. ८,००० फुटांवर धाप लागलेल्या माणसाच्या हातात रायफल म्हणजे सगळ्यांनाच धोका.

झाडाखाली, म्हणजे खरी परीक्षा

इथं घाई करणारे लोक मला आवडत नाहीत. लायन झाडावर चढला म्हणजे शिकार झाली असं नाही, आता बघायचं काम सुरू झालं. कुत्री बांधा, झाडापासून लांब, कारण जखमी होऊन पडलेला लायन कुत्र्यांमध्ये पडला तर दोन-तीन कुत्री जागेवर जातात. मग दुर्बीण काढा आणि झाडाभोवती फिरा.

पिल्लू मारायला बंदी आहे, अंगावर ठिपके असलेलं, आणि पिल्लं सोबत असलेली मादी मारायलाही बंदी आहे. पिल्लं वर्ष-दीड वर्ष आईबरोबर राहतात, त्यामुळे कुठल्याही महिन्यात मादीला पिल्लं असू शकतात आणि ती कायम तिच्या मागे चालत असतील असंही नाही, कुठंतरी खडकाखाली ठेवून ती शिकारीला निघालेली असते. म्हणून नर का मादी हे आधी. शेपटीखाली बघायचं. नराला गुदद्वारापासून चार-पाच इंच खाली एक काळा ठिपका असतो, रुपयाच्या नाण्याएवढा. मादीला तो नसतो. ऐकायला सोपं आहे, पण ती शेपूट दाबून बसलेली असते, फांद्या मध्ये, खाली उजेड नाही, आणि कुत्री बोंबलतायत. अर्धा तास लागला तर लागू दे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, लायसन्स घेतलेलं पहिलंच वर्ष, जानेवारी. झाडाखाली पोचलो तर २५ फुटांवर फांदीवर ती आडवी बसलेली, पुढचा एक पंजा फांदीवरून खाली लोंबता, आणि शेपटीचं टोक फक्त हलत होतं, घड्याळाच्या काट्यासारखं, बाकी सगळं अंग दगड. प्रत्येक वेळी टोक हललं की फांदीवरचा थोडासा बर्फ गळायचा आणि खाली कुत्र्याच्या पाठीवर पडायचा. डोळे हिरवट पिवळे. कुत्र्यांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी काळा ठिपका शोधत तीन चकरा मारल्या, दिसेना. म्हातारा म्हणाला, मागावर परत जा. गेलो. सकाळी आम्ही तपासलं त्याच्या बरंच पुढे, जिथं मोठा ठसा एका आडव्या ओंडक्यावरून गेला होता, तिथं ओंडक्याखालून गेलेला लहान ठसा होता, माझ्या अंगठ्या-तर्जनीच्या वर्तुळात मावेल एवढा. कुत्री बांधून खाली आलो. एक मैल आलो तेव्हा म्हातारा पहिल्यांदा बोलला, भूक लागली का म्हणून.

नक्की झालं आणि मारायचाच ठरला तर छातीच्या बाजूने, पुढच्या पायाच्या जरा मागे, एकच नेम. डोक्यात मारू नका, कवटी नंतर दाखवायची असते. फांदीवर अडकेल असा बसला असेल तर थांबा.

कुत्री नसतील तर ससा-हरणाच्या ओरडण्याचा आवाज काढून बोलवतात, पण त्यात यश फारच कमी आणि धोका उलटा, म्हणजे तुम्हीच सावजाचा आवाज काढताय आणि हा मांजर, मागून येणार. पाठ खडकाला लावून बसा, जोडीदार दुसऱ्या दिशेला बघणारा हवाच, आणि एका जागेवर तासभर बसायची तयारी ठेवा. एकट्याने करू नका.

मारल्यानंतर

४८ तासांत खात्याला कळवायचं आणि ५ दिवसांत डोकं आणि चामडं स्वतः नेऊन दाखवायचं, गोठलेलं नको, कारण ते वय काढायला एक दात घेतात. लिंगाचा पुरावा चामड्याला तसाच ठेवायचा. आणि मटण टाकून द्यायला कोलोरॅडोत कायद्याने मनाई आहे, खाण्यासाठी नीट काढावंच लागतं. लोकांना वाटतं मांजर कोण खाणार. म्हाताऱ्याकडे खाल्लंय मी, डुकराच्या मटणाच्या जवळ जातं, चरबी कमी, बायकोने काळ्या मसाल्यात केलं असतं तर पाहुण्यांना कळलं नसतं, पण तिने साफ नकार दिला. पूर्ण शिजवा मात्र, आतून ७१ अंश सेल्सिअस झालंच पाहिजे, थर्मामीटर घालून बघा, कारण यांच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो आणि जंगली जनावरातला हा जंत फ्रीझरमध्ये ठेवून मरेलच याची खात्री नाही.

सोलताना ग्लोव्हज. हे मी दोनदा लिहिणार आहे, ग्लोव्हज. पश्चिमेत प्लेग अजून आहे, प्रेअरी डॉगमध्ये (नाव डॉग, पण बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी), पिसवांमध्ये, आणि त्यामार्गे लायनमध्येही. २००७ ला ग्रँड कॅन्यनमध्ये एका वन्यजीव शास्त्रज्ञाने मेलेल्या लायनचं शवविच्छेदन केलं आणि काही दिवसांत न्यूमोनिक प्लेगने त्याचा मृत्यू झाला. नंतर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला लायनबद्दल सांगा, नाहीतर तो फ्लू समजून पाठवून देईल.

चामडं भारतात न्यायचा विचारही करू नका. प्यूमा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, बाहेर न्यायला परमिट लागतं, आणि मुंबई विमानतळावर कस्टमला तुमचं कोलोरॅडोचं लायसन्स कोण समजावणार.

आता समोर आला तर

आधी भीतीचं माप नीट करू. उत्तर अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षांत लायनने मारलेली माणसं तीसच्या आसपास आहेत. ट्रेलवर जाताना हायवेवर तुमचा जीव जायची शक्यता कितीतरी जास्त. पण शून्य नाही. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्जटाउनजवळ दोन भाऊ गळून पडलेली शिंगं शोधायला गेले होते, त्यांनी हात वर केले, आवाज केला, पुस्तकात सांगतात ते सगळं केलं, तरी थोरला वाचला नाही. कॅलिफोर्नियातला २० वर्षांतला तो पहिला मृत्यू. तेव्हा खालचं सगळं शक्यता वाढवणारं आहे, हमी देणारं नाही.

पळायचं नाही. मांजरासमोर दोरा ओढला की काय होतं ते घरात बघितलंय ना, तेच. पाठ दाखवायची नाही, खाली वाकायचं नाही, बसायचं तर अजिबातच नाही. जुन्नरकडे उघड्यावर बसलेल्या आणि शेतात वाकून काम करणाऱ्या माणसांवर बिबट्याचे हल्ले का होतात, तर वाकलेला माणूस माणूस दिसतच नाही, चार पायांचं जनावर दिसतं. उभं राहून त्याच्या डोळ्यात डोळे घालायचे, जॅकेट उघडून दोन्ही बाजूंना पसरायचं, हात वर, आणि घोगऱ्या मोठ्या आवाजात ओरडायचं. मराठीत ओरडा, शिव्या द्या, आवाज पोटातून येतो. किंचाळू नका, बारीक आवाज म्हणजे त्याच्यासाठी ससा. लहान मूल सोबत असेल तर आधी त्याला उचला, पण नजर न काढता, कमरेत न वाकता, गुडघे वाकवून खाली जा आणि वर या. हे घरी दिवाणखान्यात प्रॅक्टिस करा, मुलांना मजा वाटते.

तो काय करतोय ते वाचा. कान मागे, दात दाखवतोय, फिस्कारतोय, पाय आपटत पुढे येतो आणि थांबतो, तर बहुतेक जवळ पिल्लं आहेत आणि ती तुम्हाला हाकलतेय. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये युटात प्रोव्होजवळच्या स्लेट कॅन्यनमध्ये एका धावपटूच्या मागे अशीच मादी सहा मिनिटं आली होती, व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल. तो मागे मागे सरकत ओरडत राहिला आणि शेवटी दगड मारला तेव्हा ती वळून पळाली. अशा वेळी जागा द्या, मागे सरका. पण जर तो गप्प असेल, पोट जमिनीला, नजर खिळलेली, शेपटीचं टोक हलतंय आणि मागचे पाय जागेवर चुळबुळ करतायत, तर तो हिशेब करतोय. तेव्हा तुम्ही त्याचा हिशेब बिघडवायचा, एक पाऊल त्याच्याकडे टाकायचं, हातात असेल ते फेकायचं, बाटली, काठी, दगड. आधी त्याच्यासमोर जमिनीवर, तरी हलला नाही तर अंगावर.

अंगावर आलाच तर मेल्याचं सोंग करू नका. उभे राहा, मान वाचवा, तो मानेलाच जातो, आणि नाक-डोळ्यांवर मारा. २०१९ च्या फेब्रुवारीत आमच्या इथल्या हॉर्सटूथ माउंटनवर, जिथं आपली अर्धी मंडळी दर रविवारी जातात, एका धावणाऱ्या माणसाने अशी झुंज देऊन मानेवर पाय ठेवून लायनला मारलं. वर्षाचंही नव्हतं ते पिल्लू, तरी चेहऱ्याला आणि मनगटाला टाके पडले. त्याला मागे पाइनच्या सुया वाजल्या म्हणून तो वळला. कानात गाणी असती तर? २०२४ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये पाच बायका सायकलिंगला गेल्या होत्या, एकीला धरलं तर बाकीच्या चौघींनी मारून मारून सोडवलं आणि लायनला सायकलखाली दाबून धरलं, मदत येईपर्यंत. म्हणून ग्रुपने जा. आणि ग्रुपने म्हणजे खरोखर एकत्र, पुढचा अर्धा मैल पुढे आणि मुलं मधेच एकटी पळतायत याला ग्रुप म्हणत नाहीत.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा, लायनवरही चालतो. कमरेला लावा, बॅगेत नको. २५-३० फुटांच्या आत आला की मारा. विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही, उतरल्यावर विकत घ्या. योसेमिटीमध्ये मात्र तो न्यायलाच बंदी आहे.

घराजवळ

हरणांना खायला घालू नका, कोलोरॅडोत बेकायदा आहेच, पण आपल्याकडे आलेले आई-बाबा सफरचंदाच्या फोडी टाकतातच, माझ्या बाबांनी टाकल्या, तिसऱ्या दिवशी अंगणात सात हरणं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यात रात्री २ वाजून १० मिनिटांनी लांब शेपटीचं एक जनावर, आरामात, डेकच्या पायऱ्यांवरून. कुत्रं रात्री बाहेर बांधू नका, कोंबड्यांच्या खुराड्याला वरून छप्पर हवं. डेकखालची मोकळी जागा जाळी लावून बंद करा. मुलं सूर्य मावळायच्या आत घरात. कचरा टाकायला रात्री जाताना टॉर्च लावा आणि आधी लांबवर फिरवा. हरणाचे डोळे चमकतात ते खाली-वर होतात, इकडे तिकडे बघतात. जमिनीपासून दोन फुटांवरची चमकती जोडी न हलता तुमच्याकडेच बघत राहिली तर कचरा उद्या टाका.

नुसता दिसला आणि निघून गेला तर घाबरून ९११ करू नका, खात्याच्या स्थानिक ऑफिसला सकाळी कळवा. दिवसाढवळ्या घराभोवती घुटमळत असेल, पाळीव जनावर उचललं असेल किंवा माणसाला बघून हटत नसेल तर मात्र लगेच फोन. आम्ही केला तेव्हा खात्यातल्या बाईने पहिला प्रश्न विचारला, सफरचंद कोण टाकतं.

बाबा शेजारीच उभे होते, इंग्रजी कळत नाही म्हणाले.